समोर एकदम क्लिअर

सोमवार, १ डिसेंबर

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. विनूला तर नाहीच.

कारण असं. मार्चमध्ये बँकेतून रिटायर होतोय. एप्रिलपासून भारतभ्रमण. स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या हाताने. उज्जैनहून खाली कन्याकुमारी, तिथून वर वर वर थेट लेह. ड्रायव्हर, नेव्हिगेटर, मेकॅनिक आणि कॅप्टन मी. बाकी सगळं विनू. विनू म्हणजे माझी बायको विनोदिनी, शाळेत व्हाइस प्रिन्सिपल. घरात नुसती प्रिन्सिपल.

भारतभ्रमणाचं तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य क्षण शोधतोय.

ड्रायव्हिंग रक्तातच आहे. आम्ही पागनीस. शिंद्यांच्या पागेतले घोडे आमच्या ताब्यात होते. विनू म्हणते, घोडे नव्हते, घोड्यांच्या चंदीचं लिखापढीचं काम होतं. असेल. घोडा बघितल्याशिवाय चंदी कशी लिहिणार?

संकल्प: रोज लिहायचं. खरं लिहायचं.

बुधवार, ३ डिसेंबर

काल लिहिलं नाही. बिझी.

गाडीचा डावा आरसा गेला. आपलंच फाटक. बांधणाऱ्याने अरुंद बांधलंय, इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. दिवाळीच्या आधी असाच एक गेला होता. फाटक रुंद करून घेणे.

विनू म्हणाली, अहो, एकदा डोळे दाखवून या ना. मी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि मागचं बारीक अक्षर चष्मा नाकावर ठेवून धडाधड वाचून दाखवलं. बॅच नंबरसकट. ती म्हणाली, नानासुद्धा शेवटपर्यंत पेपर वाचायचे. नाना म्हणजे तिचे वडील. मध्येच नाना कुठून आले, समजलं नाही.

चहा सांडला. ही हल्ली कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मास्टर प्लॅन. भारतभ्रमणाआधी एक ट्रायल. परवा रविवार. सकाळी निघायचं, तातापानी बघायचं, तिथून पुढे सामरखोहचं जंगल, संध्याकाळी घरी. तातापानी म्हणजे गीझर. पृथ्वीच्या पोटातून उकळतं पाणी वर येतं. आणि सामरखोहला नीलगाय, चितळ, अस्वल, नशीब असलं तर बिबट्या. एका दिवसात भूगोल आणि प्राणिशास्त्र, दोन्ही.

विनूला म्हटलं, रविवारी गीझर. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, आला का एकदाचा इलेक्ट्रिशियन? मग सगळं समजावून सांगावं लागलं. ती म्हणाली, बाथरूममधला गीझर दिवाळीपासून बंद आहे, आधी तो बघा, मग पृथ्वीचा. ही व्हिजनची कमतरता.

पण मग हो म्हणाली. फार पटकन. हल्ली ती माझ्या गाडीत बसतच नाही, शाळेत स्कूटीने जाते, पार्किंग सोपं पडतं म्हणून. त्यामुळे आश्चर्य वाटलं. पुढे म्हणाली, मी माझं लायसन्स घेऊन येते. गेल्या वर्षी फ्रीगंजमध्ये ड्रायव्हिंगचा क्लास केला होता तिने. गाडी कधी मी दिली नाही, छंद तेवढ्यापुरता ठीक. म्हटलं, आण. आधार कार्डही आण.

अश्लेषाचा इंदूरहून फोन. तिला आईने आधीच सगळं सांगितलेलं. म्हणाली, बाबा, हळू चालवा. पोरीला सायकल शिकवली मी.

शनिवार, ६ डिसेंबर

टायरमध्ये हवा, काचा पुसल्या, दुर्बीण शोधून काढली. दुर्बिणीतून समोरच्या टाकीवरचा कावळा असा दिसला की डोळ्यातलं बुबुळ मोजावं. आणि म्हणे डोळे दाखवा.

संध्याकाळी टावर चौकात खारी सेव आणायला गेलो. उजवीकडून एक स्कूटर हवेतून प्रकट झाली. होय, हवेतून. आधी नव्हती, मग होती. मागे बसलेल्या बाई ओरडल्या, भैया, देख के! मी पूर्ण देखकेच चाललो होतो. समोर एकदम क्लिअर होतं. या शहरात बाजूने येण्याची फॅशन निघाली आहे.

रस्त्यावरचे दिवेही हल्ली किती मंद लावतात. माधव नगरपर्यंत चाचपडत आलो.

उद्याचे नियम: साठच्या वर नाही. ओव्हरटेक नाही. विनूशी वाद नाही. योग्य क्षणी भारतभ्रमण.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळ. देवासच्या पुढचा ढाबा

विनू हात धुवायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो.

आतापर्यंत ड्राइव्ह उत्तम. थोडं धुकं. विनूचं वागणं विचित्र. डावीकडे बसून ब्रेक दाबते. तिथे ब्रेक नाही, पण पायाखालची मॅट गोळा होऊन डॅशबोर्डखाली गेली. शिवाय सतत कॉमेंट्री. ट्रॅक्टर आहे डावीकडे. सायकल. उजवीकडून ट्रक येतोय. अहो, म्हैस. मी म्हटलं, मला दिसतंय. तिने विचारलं, कुठली म्हैस, काळी की भुरी? मी म्हटलं, म्हशीच्या रंगाशी मला काय करायचंय. यावर ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

वाद नाही. नियम पाळला.

एक क्षण जरा बाका आला. पुलाच्या आधी एक मोटरसायकलवाला. विनू किंचाळली, मी स्टिअरिंग झटकन वळवलं. बहुतेक मी आपणहून वळवलंच असतं. पोहे बरे आहेत. तिने खाल्ले नाहीत. भूक नसेल.

दुपारी. तातापानी

उजवा पाय बादलीत ठेवून लिहितोय.

जागा मात्र अप्रतिम. खडकांच्या मध्ये मोठं कुंड, त्यातून पाणी बुडबुड करत वर येतं, थंडीमुळे सगळीकडे वाफ. गंधकाचा वास. बायका फडक्यात बटाटे बांधून पाण्यात सोडतात आणि उकडले की मीठ-मिरची, वर सेव घालून विकतात. विनूने दोन द्रोण घेतले. सकाळपासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, हा गीझर तरी चालू आहे.

मी तिला शास्त्र सांगत होतो. की खरा गीझर ठरावीक वेळाने कारंज्यासारखा उडतो, आणि हाही उडेल, फक्त पेशन्स हवा. एक आजीबाई म्हणाल्या, बाबूजी, हमने तो कभी उड़ते नहीं देखा. मी म्हटलं, तुम्ही रोज बघता, म्हणून. नीट बघण्यासाठी कुंडाच्या जवळ गेलो. नजर बरोबर बुडबुड्यांच्या मध्यावर. पाण्याखालचा एकेक खडा दिसत होता. बाजूने बाहेर जाणारा ओहोळ होता म्हणे. बांबू रोवून लाल चिंध्या बांधल्या होत्या म्हणे. सगळे एकदम ओरडले, मी वळलो, आणि पाय घोट्यापर्यंत ओहोळात.

आधी थंड वाटलं. मग नाही.

बुटामुळे बचावलो, असं त्या आजी म्हणाल्या. मोजा काढला तर वरची कातडी लालबुंद. विनूने बादली मागवली, गार पाणी ओतत राहिली. ओतता ओतता बांबूंकडे बघत होती. विचारलं, ही एवढी लाल फडकी, दिसली नाहीत? मी म्हटलं, मी गीझर बघत होतो, फडकी नाही. धोक्याची खूण समोर लावतात. बाजूला लावून काय उपयोग?

ती म्हणाली, गाडी मी घेते आता. पायाचं निमित्त. मी म्हटलं, जंगलात तर मुळीच नाही. पायाला काही झालेलं नाही. गंधकाचं पाणी त्वचेला चांगलंच असतं.

बूट चढत नाही. चप्पल घालून चालवीन.

संध्याकाळी पाचच्या सुमारास. सामरखोहच्या नाक्यावर

हे नीट, क्रमाने लिहिलं पाहिजे.

नाक्यावरून नहारसिंग नावाचा गाइड मागच्या सीटवर बसला. बडबड्या. त्याच्या हिशेबाने त्याने इतके वाघ बघितलेत की तेवढे सगळ्या मध्य प्रदेशात नसतील. मी हळू चालवत होतो. विनू आणि तो दोघं मिळून सारखं काही ना काही बघत होते. मोर. चितळांचा कळप. सांबर. नीलगायीची जोडी. मी बघेपर्यंत सगळं गेलेलं. एकदा तर विनू म्हणाली, अजून तिथेच आहे, ते काय, तुमच्या खिडकीपाशी. मी वळलो. झाड होतं. मला वाटतं, दोघं एकमेकांना खूश करायला बघत होते. मोराचा आवाज मात्र मीही ऐकला.

मग नाल्याच्या वळणावर नहारसिंगने माझ्या खांद्यावर हात ठेवला. साब, रोको. धीरे से. बाएँ देखो.

गाडी थांबवली. सफाईदार. इंजिन चालू. डावीकडे बघितलं. गवत, पळस, लांबवर दगड. विनूने माझं मनगट धरलं, तिची बोटं गार होती. नहारसिंगची बडबड बंद, हे पहिल्यांदाच. पुन्हा बघितलं. पळस. गवत. बाई गं, किती जवळ, विनू पुटपुटली.

आता, गाडीच्या कॅप्टनने आपल्याला काही दिसत नाही असं म्हणायचं? मी हळूच म्हणालो, वा, काय देखणा बिबट्या आहे.

  मग नहारसिंग अगदी हळू म्हणाला, साब, भालू है. मादी. बच्चे पीठ पे हैं.

संध्याकाळच्या उजेडात अस्वल जरा बिबट्यासारखं दिसू शकतं. मी म्हटलं, तेच म्हणायचं होतं, चला निघू, तिला त्रास नको. आणि फर्स्ट टाकला. विनूने दोन्ही हातांनी माझा हात गिअरवरून ओढून काढला. नख लागलं. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. ती अस्वलीण तेव्हा आमच्या डाव्या चाकाशी होती म्हणे. वारूळ उकरायचं सोडून मागच्या पायांवर उभी राहिली होती. विनूच्या काचेपासून हातभर.

आम्ही तिघंही पुतळे. एक भसाभसा फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, इंजिनचा.

मग ती समोर आली. आणि दिसली. इतकी स्पष्ट की काय सांगू. पुढे आलेलं फिकट नाक, छातीवरचा पांढरा पट्टा, लांब वाकडी नखं, विस्कटलेले काळे केस, आणि त्या केसांना मुठी आवळून बसलेली दोन पिल्लं. एकाने आमच्याकडे बघितलं. माझ्याकडेच. असं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

ती उजवीकडे वळली आणि नाहीशी झाली. एका क्षणात. मी म्हटलं, गेली. विनूने माझ्याकडे बघितलं. नहारसिंगने विनूकडे बघितलं. विनू म्हणाली, हो, गेली. मी सेल्फला हात लावणार, तर तिने हात दाबून धरला. म्हणाली, थोडं थांबू या. खूप वेळ थांबलो. नहारसिंगने उजवीकडे बघत मान हलवली, तेव्हा तिने हात सोडला.

 उतरताना नहारसिंगने विनूला नमस्कार केला आणि म्हणाला, मैडम, आराम से जाना. मैडम का? गाडी कोण चालवतंय?

विनू एकदम शांत झाली आहे. निसर्गाने माणूस अंतर्मुख होतो. आता चहा घेऊन येईल. मला वाटतं, हाच तो योग्य क्षण. भारतभ्रमणाचं आता सांगतो.

त्याच संध्याकाळी, गाडीत

अक्षर हलतंय. डाव्या सीटवर आहे.

सांगितलं. कन्याकुमारी, लेह, सगळं. गाडी चालवता चालवता, म्हणजे वातावरण सहज राहील. विनूने ऐकून घेतलं. म्हणाली, दोघांनी जायचं? म्हटलं, दोघांनी. तिचा आवाज चांगला होता, मऊ. म्हणाली, मला आवडेल हो. मी खूश. स्पीड किती होता माहीत नाही. साठच्या आतच. ऊन समोरून, डोळ्यावर. रस्ता रिकामा.

मग ती किंचाळली. थांबा म्हणाली नाही, नुसती किंचाळली, आणि हँडब्रेक खेचला. गाडी फिरली, फरफटत आडवी झाली, थांबली. माझ्या छातीला पट्टा काचला. मी म्हणणार होतो, हे काय केलंस. तेवढ्यात बोनेटसमोर एक बकरी दिसली. मग आणखी एक. आणि एक बाई. म्हातारी. हातात काठी, डोक्यावर सरपणाचा भारा होता तो खाली पडलेला. ती बोनेटवर तळवा टेकून उभी होती. आमच्या गाडीच्या बोनेटवर. म्हणजे तेवढंच अंतर उरलं होतं.

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच खाली बसली, रस्त्यातच. बकऱ्या तिच्याभोवती. विनू धावत गेली, तिला पाणी पाजलं, पाठ चोळली. मी भारा गोळा केला. लाकडं बरीच लांब उडाली होती. मी म्हटलं, माँजी, आप एकदम साइड से आ गईं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बेटा, मैं तो कब से चल रही थी सड़क पे.

बाईला तिच्या वस्तीपर्यंत विनूने हात धरून सोडलं. परत आली. मी ड्रायव्हर सीटवर बसलो होतो. तिने माझ्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, माझ्या नाकाकडे बघा. दुसरीकडे बघायचं नाही. मग माझ्या कानाजवळ हात नेला असावा, बोटं हलवत असावी. म्हणाली, दिसली बोटं की सांगा.

हा शाळेतला खेळ करायची वेळ नव्हती. पण तिचा चेहरा बघितला आणि तिच्या नाकाकडे बघत राहिलो. नाक लाल झालं होतं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग बोटं आली. मी म्हटलं, दिसली. पटकन दिसली ना?

तिचा हात तिच्या स्वतःच्या गालाला लागलेला होता.

दुसऱ्या बाजूने केलं. तसंच. मग ती रडायला लागली. रस्त्यात, दार धरून. दमली असणार, सकाळपासून धड खाल्लेलं नाही. म्हणाली, नानांचं असंच होतं, काचबिंदू, आम्हाला कळलं तेव्हा काही उरलं नव्हतं. मी महिनाभर बघतेय तुमचं. आज मुद्दाम आले, नीट बघायला. किल्ली द्या.

मी म्हटलं, नानांना साखर होती. मला नाही.

ती म्हणाली, शैलेंद्र, किल्ली.

लग्न झाल्यापासून तिने मला नावाने हाक मारलेली नाही.

पायही दुखत होता. पायामुळे दिली.

आता ती चालवते आहे. गिअर जरा उशिरा बदलते. दोन सूचना केल्या. तिसरीला म्हणाली, प्लीज. आत्ता तिने एका बसला ओव्हरटेक केलं. इंडिकेटर देऊन. आरसे बघून. डावा आरसा मोडलेला आहे, म्हणून मान वळवून बघितलं.

बरं चालवते. हे तिला सांगणार नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

बँकेत गेलो नाही. पायाचं कारण दिलं.

गाडीची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नाही. विचारलं नाही. शोधलीही नाही. फक्त दोन-तीन ठिकाणी बघितलं.

अश्लेषाचा फोन. हळू चालवा म्हणाली नाही. जेवलात का विचारलं. घाबरली आहे असं वाटलं. पोरी आईवर गेल्या की अशा होतात.

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. मी जाणार. विनूचं मन राखायला. एकदा डॉक्टरचा कागद हातात आला की विषय संपला.

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रॅक्टिस केली. खुर्चीत बसून समोरच्या कॅलेंडरकडे बघायचं आणि कडेचं काय काय दिसतं ते ओळखायचं. डावीकडे दार, उजवीकडे फ्रिज. दोन्ही बरोबर.

घर माझंच आहे, दार कुठे आणि फ्रिज कुठे हे मला माहीत असणारच, हे नंतर लक्षात आलं. तरीही.

विनू दारातच उभी होती म्हणे, पूर्ण वेळ.

बुधवार, १० डिसेंबर

आज काही लिहिण्यासारखं नाही. त्या म्हातारीचा तळवा आठवतो. उगीच. बाईने बाजूने यायला नको होतं. असं सकाळी लिहिलं होतं. संध्याकाळी वाचलं, आवडलं नाही. खोडत नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

विनू चालवत घेऊन गेली. मी एकही सूचना केली नाही.

डॉक्टर मुलगी आहे. श्रुती नाव. अश्लेषापेक्षाही लहान दिसते. आधी डोळ्यांत थेंब, मग डोळ्यांचं प्रेशर, मग एक टेस्ट. अंधारी खोली, पांढरा घुमट, त्यात हनुवटी टेकवायची. एका डोळ्यावर पट्टी. मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कुठेही बारीक लाइट चमकला की हातातलं बटण दाबायचं.

मी अत्यंत एकाग्रतेने केलं. एकही लाइट सोडला नाही. चमकला की दाबलं. मशीन मात्र संथ. मध्ये मध्ये इतका वेळ काहीच यायचं नाही की मला वाटलं बिघडलं. ऑपरेटरला म्हटलंसुद्धा, भिया, मशीन अटक गई क्या? तो म्हणाला, नहीं अंकल, चल रही है.

बाहेर येऊन विनूला म्हटलं, पैकीच्या पैकी. ती हसली नाही.

मग डॉक्टरने आत बोलावलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. दोन गोल. प्रत्येक डोळ्याचा एक. दोन्ही जवळपास पूर्ण काळे. मधोमध एक पांढरं भोक.

मी विचारलं, हे कुणाचं आहे?

ती म्हणाली, काका, तुमचं. लाइट सगळीकडे येत होते. सतत. पांढऱ्यातले तुम्हाला दिसले.

म्हणजे मी थांबलो होतो तेव्हाही येत होते.

विनूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टर सांगत होती. काचबिंदू. वर्षानुवर्षं चालला असणार. दुखत नाही, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, तुमची चूक नाही. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते औषधांनी सांभाळायचं, रोज थेंब, एकदाही चुकवायचे नाहीत. गाडी बंद. आज कसे आलात? विनू म्हणाली, मी आणलं. डॉक्टर म्हणाली, छान. चालताना काका, मान वळवायची सवय करा. डोळे नाही, पूर्ण मान.

मी विचारलं, मार्चपर्यंत किती सुधारेल? माझा एक प्लॅन आहे.

ती विनूकडे बघत राहिली.

खाली आलो. सवयीने उजवीकडचं दार उघडलं आणि बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवले. विनू दाराशी उभी राहिली. घाई केली नाही. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मी उतरलो, गाडीला हात लावत लावत वळसा घातला, डावीकडे जाऊन बसलो. पट्टा लावला.

तिने गाडी सुरू केली. गल्लीतून मेन रोडवर निघायचं होतं आणि डाव्या बाजूला आरसा नाही. म्हणाली, अहो, डावीकडे बघा ना जरा, कुणी येतंय का.

मी मान वळवली. पूर्ण. खांद्यापर्यंत. नीट बघितलं. म्हटलं, थांब, सायकलवाला आहे.

ती थांबली. मागून हॉर्न. मी बघत राहिलो. सायकल काही पुढे येईना. मग दिसलं, नुसती सायकल होती, झाडाला टेकवलेली, आणि सायकलवाला बाजूला टपरीवर चहा पीत होता.

विनूला ती सायकल केव्हाच दिसली असणार. तरी मी चल म्हणेपर्यंत ती थांबून राहिली.